नागपुरात डॉक्टरकी आणि तान्हं बाळ : दिवस राहिल्यापासून पुन्हा ड्युटीवर रुजू होईपर्यंत

हा लेख मेडिकल, मेयो, मिहानचं एम्स, हिंगणा रोडचं लता मंगेशकर रुग्णालय किंवा रामदासपेठ-धंतोलीतल्या एखाद्या खासगी हॉस्पिटलात काम करणाऱ्या आणि बाळाची वाट पाहणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे. बाळंतपणाचं वैद्यकशास्त्र तुम्हाला येतंच. अडतं ते रजेचा अर्ज, ड्युटी लिस्ट, दुधाचा साठा आणि घरी बाळाजवळ कोण, या चार गोष्टींत. बहुतेक जणी प्रसूतीची तारीख धरून बेत आखतात. तसं न करता रुजू होण्याची तारीख धरा आणि तिथून मागे मोजत या. खालच्या पायऱ्या याच हिशोबाने लावल्या आहेत.

१. तुम्हाला कोणता नियम लागू होतो ते आधी पाहा

एकाच हॉस्पिटलात शेजारी शेजारी काम करणाऱ्या दोघींना वेगवेगळे नियम लागू असू शकतात.

राज्य शासनाच्या सेवेत असाल तर १८० दिवसांची प्रसूती रजा मिळते, मात्र हयात अपत्यं दोनपेक्षा कमी हवीत. शिवाय १८० दिवसांची बालसंगोपन रजा वेगळी आहे. ती अपत्याच्या १८ वर्षांपर्यंत तुकड्यातुकड्यांनी घेता येते, म्हणून ती प्रसूती रजेला जोडून एकदम संपवू नका. केंद्र शासनाच्या नियमित सेवेत प्रसूती रजा १८० दिवसांचीच, पण बालसंगोपन रजा ७३० दिवसांपर्यंत आहे.

खासगी हॉस्पिटलात पगारी नोकरी असेल तर २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता पाहा, ती नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आणि त्यातली २०१७ ची दुरुस्ती यांच्याच तरतुदी तिच्यात घेतल्या आहेत. हयात अपत्यं दोनपेक्षा कमी असतील तर २६ आठवडे पगारी रजा मिळते, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं असलं पाहिजे. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज कामाच्या वेळात स्तनपानासाठी दोन जादा मोकळ्या वेळा मिळतात आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय करणं मालकावर बंधनकारक आहे. रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदेशीर आहे.

या कायद्यातली एक तरतूद डॉक्टरांना फारशी माहीत नसते. प्रसूतीच्या आधीच्या साधारण दहा आठवड्यांत तुम्ही लेखी विनंती केली तर कष्टाचं किंवा तासन् तास उभं राहण्याचं काम देता येत नाही. म्हणजे ऑपरेशन थिएटरची (ओटी) सहा तासांची लिस्ट टाळायला मेहेरबानी मागायची गरज नाही.

खासगीतला सगळ्यात मोठा सापळा करारात असतो. बऱ्याच डॉक्टरांची नेमणूक ‘कन्सल्टंट’ म्हणून होते, पगाराऐवजी व्यावसायिक फी मिळते आणि टीडीएसही व्यावसायिक फीवरचा म्हणून कापला जातो. अशा वेळी ‘तुम्ही आमच्या कर्मचारीच नाही’ असं उत्तर येतं. करार सही करण्याआधी त्यात प्रसूती रजेचं कलम घालून घ्या. दिवस राहिल्यावर ते घालून घेणं जवळपास अशक्य असतं.

पीजी (पदव्युत्तर शिक्षण) करत असाल तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या (एनएमसी) २०२३ च्या नियमांनुसार प्रसूती रजा शासनाच्या प्रचलित नियमांप्रमाणे मिळते. पण ८० टक्के हजेरी लागते, आणि परवानगीपेक्षा जास्त रजा झाली तर तेवढेच दिवस अभ्यासक्रम वाढतो. म्हणून कॉलेजच्या पीजी सेक्शनला तीन प्रश्न लेखी विचारा. माझी मुदत किती दिवसांनी वाढेल? परीक्षा कोणत्या सत्रात पडेल? रजेच्या काळात विद्यावेतन मिळेल का? तोंडी उत्तर घेऊन घरी येऊ नका, टेबलावरचा बाबू बदलला की उत्तरही बदलतं. डीएनबी या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या विद्यार्थिनींना तो चालवणाऱ्या एनबीईएमएस मंडळाचे रजेचे वेगळे नियम लागतात, ते स्वतः उघडून वाचा.

२. विभागात लवकर सांगा

‘तीन महिने कुणाला सांगायचं नाही’ ही घरची रीत सोसायटीत पाळा, विभागात नको. विभागप्रमुख (एचओडी) आणि युनिट इन्चार्ज यांना तरी पहिल्या तिमाहीतच सांगावं, कारण धोक्याची बरीच कामं त्याच काळात अंगावर येतात.

क्ष-किरण, सी-आर्म किंवा कॅथलॅबमध्ये काम असेल तर गरोदरपण लेखी कळवा. कळवल्यानंतर उरलेल्या काळासाठी गर्भाच्या डोसची मर्यादा १ मिलीसिव्हर्ट आहे. अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बॅज नियमित लावलेला नसेल तर हा हिशोब कुणालाच करता येत नाही. केमोथेरपीची औषधं तयार करणं बंद करा. ओटीत गॅस बाहेर काढणारी स्कॅव्हेंजिंग यंत्रणा चालू आहे का, हे भूलतज्ज्ञांनी आणि शल्यचिकित्सकांनीही बघून घ्यावं.

कांजिण्या आणि रुबेलाची प्रतिकारशक्ती दिवस राहण्याआधीच तपासा. दोन्ही लसी जिवंत विषाणूंच्या असल्याने गरोदरपणात घेता येत नाहीत आणि घेतल्यावर महिनाभर थांबावं लागतं. हेपॅटायटिस बीचे तीन डोस झाले म्हणून निर्धास्त राहू नका, रक्तातली त्याच्या प्रतिपिंडांची पातळी (अँटी-एचबीएस) १० च्या वर आहे का ते पाहा. सुई टोचली तर गरोदर आहे म्हणून पीईपी, म्हणजे एचआयव्हीचा संसर्ग टाळायची औषधं, टाळायची नसते. ती ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी, सुरू करून २८ दिवस घ्यायची असते. टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याची लस) २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान घ्या.

३. रजा कोणत्या दिवसापासून घ्यायची

सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच. १८० दिवस प्रसूतीच्या दिवसापासून मोजले तर तुम्ही रुजू होता तेव्हा बाळ सहा महिन्यांचं असतं, म्हणजे वरचं अन्न नेमकं सुरू होण्याच्या वेळी. चार आठवडे आधी रजा घेतली तर बाळ पाच महिन्यांचं असताना ड्युटी सुरू होते आणि पूर्ण महिनाभर फक्त काढून ठेवलेल्या दुधावर भागवावं लागतं. तब्येत साथ देत असेल तर शेवटच्या आठवड्यांत हलकी ड्युटी मागा आणि रजेचे दिवस बाळासाठी राखा. बीपी वाढलेलं असेल, जुळी असतील, प्लासेंटा (वार) खाली असेल तर हा हिशोब बाजूला ठेवा आणि आधीच रजा घ्या.

नागपूरकरांनी रुजू होण्याचा महिनाही बघावा. नोव्हेंबरअखेर प्रसूती झाली की १८० दिवस बरोबर नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत संपतात. पारा ४५ च्या आसपास, घरी कूलर आणि बाळ, आणि तुम्ही कॅज्युल्टीत उष्माघाताच्या रुग्णांसोबत. हाताशी दुसरी देय रजा असेल तर पंधरा दिवस तिथे जोडायला ठेवा.

पीजीच्या विद्यार्थिनींनी दोन गोष्टी आणखी जुळवाव्यात. थिसिस लेखी परीक्षेच्या सहा महिने आधी द्यावी लागते, त्यामुळे रजेच्या काळात रुग्णांची नोंद कोण करणार हे गाईडसोबत ठरवा आणि एथिक्स कमिटीच्या कागदात त्या व्यक्तीचं नाव आहे का ते पाहा. दुसरं म्हणजे जिल्हा निवासी कार्यक्रमाचे, म्हणजे जिल्ह्याच्या रुग्णालयात काम करायचे तीन महिने. ते तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात येतात. अंगावर पिणाऱ्या बाळाला घेऊन गडचिरोलीला जायचं नसेल तर सत्र आणि ठिकाण रजेवर जाण्याआधीच मागून घ्या.

४. कागदपत्रं

एका फाइलमध्ये हे ठेवा :

- रजेचा अर्ज, एचओडीमार्फत. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.
- प्रसूतीची अपेक्षित तारीख लिहिलेलं प्रमाणपत्र आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट
- हयात अपत्यांबाबतचं स्वयंघोषणापत्र
- नेमणुकीचा आदेश किंवा करार. पीजी असाल तर प्रवेशाचा आदेश आणि आजवरच्या हजेरीचा उतारा
- रजा मंजुरीचा आदेश. अर्ज दिला म्हणजे रजा मंजूर झाली असं नसतं, आणि पगार अडतो तो याच आदेशावाचून.
- डिस्चार्ज कार्ड आणि बाळाचा जन्मदाखला
- रुजू होताना फिटनेस प्रमाणपत्र आणि रुजू अहवाल. अहवाल त्याच दिवशी, दुपारच्या आधी द्या.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. हॉस्पिटल ती कळवतं, पण आई-वडिलांच्या नावांचं स्पेलिंग तुमच्या आधारप्रमाणे आहे का, हे फॉर्म जाण्याआधी स्वतः वाचा. लग्नाआधीचं नाव मेडिकल कौन्सिलला आणि नंतरचं आधारला, असा घोळ डॉक्टरांच्या बाबतीत नेहमीच होतो. बारशाची घाई नको, नाव नंतर टाकता येतं.

५. पहिले सहा आठवडे

या काळात कामाचं काहीच करू नका. थिसिसचं नाही, युनिटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचं तर मुळीच नाही. डिंकाचे लाडू, अळीव, शेपूची भाजी सुखाने खा. फक्त दोन गोष्टींना ठाम नकार द्या : बंद खोलीतली शेगडी-धुरी आणि बाळाला घुटी-मध. सासूबाईंना कारण सांगताना डॉक्टर म्हणून बोलू नका, ‘आमच्या बालरोगतज्ज्ञांनी नाही सांगितलंय’ म्हणा. ते जास्त चालतं.

६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसी रजेतच होतात. ९ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस मात्र रुजू झाल्यानंतर येते, तिची तारीख आत्ताच लिहून ठेवा. डॉक्टरांच्या घरातली ही लस लांबते, हे सगळ्या बालरोगतज्ज्ञांना ठाऊक आहे.

६. दुधाचा साठा

*किती लागतं.* एक ते सहा महिन्यांचं, फक्त अंगावर पिणारं बाळ दिवसाला साधारण ७५० ते ८०० मिलि दूध घेतं. म्हणजे तुम्ही बाहेर असाल त्या प्रत्येक तासाला ३० मिलि धरा. आठ तासांची ओपीडी म्हणजे २४० मिलि, बारा तासांची ड्युटी ३६० मिलि, चोवीस तासांची जवळपास ७५०. वरचं अन्न सुरू झालं तरी पहिले काही आठवडे यात फारसा फरक पडत नाही.

*कधी सुरू करायचं.* रुजू होण्याच्या चार आठवडे आधी. सकाळचं पहिलं पाजून झालं की अर्ध्या-पाऊण तासाने एकदा काढा. त्या वेळी दूध सगळ्यात जास्त असतं. रोज ६० मिलि निघालं तरी महिन्यात दीड लिटरच्या वर साठतं, म्हणजे चोवीस तासांच्या दोन ड्युट्यांची सोय. दोन महिने आधीपासून फ्रीजर भरून ठेवण्याचा अट्टहास नको. दूध वाजवीपेक्षा जास्त उतरू लागतं आणि ड्युटीवर छाती दगडासारखी होते.

*पंप.* दोन्ही बाजूंचा, चार्जिंगवर चालणारा पंप घ्या, १५ ते २० मिनिटांत काम होतं. एका बाजूचा स्वस्त पडतो, पण वेळ जवळपास दुप्पट जातो आणि ड्युटीवर तेवढा वेळ कुणी देत नाही. दुखत असेल तर पंप वाईट नसतो, छातीवर लावायच्या कपाचं माप चुकलेलं असतं. मैत्रिणीचा वापरलेला पंप घेऊ नका, मोटारीच्या आत दूध गेलेलं असू शकतं. हाताने दूध काढायला शिकून घ्या, चार्जिंग संपल्यावर तेच कामी येतं. सुटे भाग दर वेळी साबणाने धुवा आणि दिवसातून एकदा पाच मिनिटं उकळा.

*कुठे टिकतं.* ताजं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस, वेगळ्या दाराच्या डीप फ्रीजरमध्ये सहा महिने चांगलं राहतं. एका दाराच्या फ्रीजमधला वरचा छोटा बर्फाचा कप्पा असेल तर दोन आठवड्यांच्या वर ठेवू नका. एप्रिल-मे मध्ये नागपुरातली कोणती खोली २५ अंशांची असते? त्या महिन्यांत ‘चार तास’ विसरा आणि काढलं की लगेच थंड करा. बर्फाच्या पॅकच्या बॅगेत २४ तास चालतं, पण बॅग गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. दुपारी पार्किंगमध्ये उभ्या गाडीची डिक्की भट्टी असते. बॅग खांद्यावर घ्या.

६०-६० मिलिच्या पिशव्या करा, वर थोडी जागा सोडा, तारीख आणि वेळ लिहा. फ्रीजच्या दारात नको, आत मागच्या बाजूला ठेवा. वितळवलेलं दूध २४ तासांत संपवा, पुन्हा गोठवू नका. मायक्रोवेव्ह नको, कोमट पाण्याच्या भांड्यात पिशवी ठेवा. साय वर येते ती बिघडल्याची खूण नाही, हलकेच फिरवली की मिसळते. बाळ एकदा प्यायला लागलं की उरलेलं दोन तासांनी फेकून द्या. रडू येतं, पण फेका.

*हॉस्पिटलात.* लसींच्या आयएलआरमध्ये (लसी थंड ठेवायच्या फ्रीजमध्ये) दुधाची पिशवी ठेवू नका, तिथे लसींशिवाय काहीही ठेवायचं नसतं. पँट्रीचा फ्रीज वापरा आणि पिशवी अपारदर्शक डब्यात घाला. जागा नसेल तर स्तनपानासाठीचा हिरकणी कक्ष कुठे आहे ते विचारा. तो रुग्णांच्या नातेवाइकांसाठी असतो असं समजून डॉक्टर तिकडे फिरकत नाहीत. दर तीन-चार तासांनी काढायचंच. मोठी केस असेल तर स्क्रब होण्याच्या अगदी आधी काढा आणि भूलतज्ज्ञांना वेळेची कल्पना देऊन ठेवा.

छातीत गाठ आली तर चोळून-दाबून फोडायचा प्रयत्न करू नका आणि मुद्दाम जास्त पंपही करू नका, त्याने सूज वाढते. नेहमीसारखं पाजा, थंड शेक द्या, आयबुप्रोफेन घ्या. २४ तासांत ताप उतरला नाही तर स्वतःच्या मनाने नाही, दाखवून अँटिबायोटिक घ्या.

*बाळाला सवय.* रुजू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने काढलेलं दूध द्यायला सुरुवात करा. देणारं माणूस दुसरं हवं आणि तुम्ही त्या खोलीत नको, तुमचा वास आला की बाळ वाटीकडे बघतसुद्धा नाही. रुजू झाल्यावर काही बाळं दिवसा जेमतेम पितात आणि रात्रभर अंगावर राहतात. वजन नीट वाढत असेल तर हा आजार नाही, तुमच्या झोपेचा प्रश्न आहे.

७. बाळाजवळ कोण

घर हॉस्पिटलजवळ घ्या. मेडिकलला असाल तर हनुमाननगर, रामबाग, अजनी. लता मंगेशकरला असाल तर लोकमान्यनगर मेट्रो स्टेशनच्या आसपास, एम्सला असाल तर खापरीकडे जाणारी मेट्रो धरता येईल असं. भाडं जास्त पडलं तरी चालेल, दोन ड्युट्यांच्या मध्ये येऊन पाजता आलं तर पिशव्यांचं गणितच अर्धं होतं.

एका माणसावर विसंबू नका. वर्धा किंवा यवतमाळहून आलेल्या आईला साखर आहे, गुडघे दुखतात आणि तिच्याच भरवशावर तीस तास बाळ, हे पंधरा दिवसही चालत नाही. आजी आणि दिवसभराची बाई अशी जोडी ठेवा. बाईंचं आधार आणि पोलीस पडताळणी करून घ्या, आणि त्यांना रजेच्या शेवटच्या महिन्यातच कामावर घ्या, म्हणजे तुमच्यासमोर शिकतील. पाळणाघर बघायला दुपारी दोन वाजता जा, सकाळी नको. कूलर कसा चालतो, लाइट गेल्यावर काय करतात, किती बाळांमागे किती बाया आहेत, बाळं पाठीवर झोपवतात की पोटावर, हे तेव्हाच कळतं. संध्याकाळी सातनंतर बाळ ठेवतात का हे आधीच विचारा. तुमची सायंकाळची राऊंड सातला संपत नाही.

फ्रीजवर एक कागद लावा : बालरोगतज्ज्ञांचा नंबर, तुमच्या युनिटचा लँडलाइन, शेजारच्यांचा नंबर, आणि तापाच्या औषधाचा डोस मिलिमध्ये. पॅरासिटामॉलचे थेंब १ मिलिमध्ये १०० मिग्रॅ असतात, सिरप ५ मिलिमध्ये १२५ किंवा २५० मिग्रॅ. सात किलोच्या बाळाला थेंब पाऊण ते एक मिलि लागतात. तेच औषध सिरप समजून पाच मिलि दिलं तर पाच ते सातपट डोस जातो. घरात एकच बाटली ठेवा, बाकीची सॅम्पलं फेकून द्या. आणि बाळाचा डॉक्टर तुम्ही नाही, हे घरच्यांनाही सांगून ठेवा.

८. ड्युटी लिस्ट

रुजू होण्याच्या महिनाभर आधी लिस्ट बनवणाऱ्या सिनियरला भेटा. ‘ड्युटी कमी द्या’ असं मोघम मागू नका, नेमकं मागा : पहिले चार आठवडे लागोपाठ दोन रात्री नकोत, पहिला आठवडा ओपीडी, दुपारी अर्धा तास घरी जाऊन यायची मुभा. बदल्यात काय देणार तेही सांगा. को-पीजी तुमच्या सहा महिन्यांच्या ड्युट्या वाटून घेऊन थकलेले असतात, आणि त्यांचा राग खोटा नसतो. तान्ह्या पोळ्याला घरी राहायचं असेल तर दिवाळीची ड्युटी आधीच मागून घ्या. सगळ्या अदलाबदली लिस्टवर लिहून, सही घेऊन करा.

चोवीस तासांनंतर गाडी चालवू नका, ऑटो किंवा मेट्रो घ्या. घरी आल्यावर आंघोळ, कपडे वेगळ्या बादलीत, मोबाइल पुसून घ्यायचा, मग बाळ. पोस्ट-ड्युटी अवस्थेत सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसून पाजू नका. डोळा लागतो आणि बाळ फटीत अडकतं. आधी दुसऱ्या कुणाला तरी जवळ बसवा.

९. स्वतःची तपासणी

हिमोग्लोबिन रुजू होण्याआधी करून घ्या आणि लोहाच्या गोळ्या प्रसूतीनंतर सहा महिने चालू ठेवा. ‘अंगावर पाजतेय, पाळी नाही, म्हणजे सुरक्षित’ ही पद्धत ड्युटी सुरू होताच कोसळते. तिला बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी न आलेली आणि दिवसा चार, रात्री सहा तासांपेक्षा मोठा खंड न पडलेला, अशा तिन्ही अटी लागतात. त्यामुळे गर्भनिरोधनाचं रजेतच ठरवा, कॉपर-टी असेल तर सहाव्या आठवड्याच्या भेटीत.

दोन आठवड्यांहून जास्त काळ मन बसलेलं, बाळ झोपलं तरी झोप न येणं, ‘मी नसते तर बरं’ असे विचार, हे थकव्याच्या नावावर खपवू नका. प्रसूतीनंतरचं नैराश्य तपासणाऱ्या एडिनबरो प्रश्नावलीचे दहा प्रश्न पाच मिनिटांत भरून होतात. स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलच्या दहाव्या प्रश्नाचं उत्तर ‘कधीच नाही’ याखेरीज काहीही असेल तर बाकीच्या गुणांची वाट न पाहता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. आपल्याच कॉलेजात दाखवायला संकोच वाटत असेल तर दुसऱ्या हॉस्पिटलात जा, किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, तो चोवीस तास चालू असतो. सर्ट्रालिनसारखी औषधं स्तनपान चालू ठेवून घेता येतात. फक्त डोस ठरवणारं प्रिस्क्रिप्शन तुमच्या स्वतःच्या अक्षरातलं नसावं.